कॅल्क्युलस शिकण्याआधीच कॅल्क्युलसची परीक्षा

आज सोमवारी सकाळी साडेअकरा वाजता हिंगोलीतल्या एका क्लासच्या सरांनी कुरुंद्याच्या मनीषाला अकरावीच्या गणिताच्या बॅचमधून परत पाठवलं. मी निवृत्त शिक्षिका. दहावीचं गणित तिला मीच शिकवलं, म्हणून सोबत गेले होते. डोकं शांत होईना, तेव्हा घरी न जाता नेटकॅफेत बसून हे लिहितेय.

कॅल्क्युलसची तयारी तपासतो म्हणून सरांनी विचारलं, “साइन एक्सचं डेरिव्हेटिव्ह सांग.”

“सर, तेच तर शिकायला आले.”

“बाकीच्यांनी सुट्टीतच पाठ केलंय. तू गणित सोड.”

मी म्हटलं, “तिला ग्राफ विचारा, त्रिकोणमिती विचारा.”

“मॅडम, तुमचा जमाना गेला.”

गेला असेल. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर छडी मारायच्या, पण न शिकवलेलं विचारून कुणाला हाकलत नव्हत्या.

बाहेर मनीषाचे वडील म्हणाले, “बाई, सर म्हणतेत तर सोडू द्या. काहून लेकराला तकलीफ?”

मी पायरीवरच एक डोंगरासारखा वक्र काढला. “मनीषा, चढ कुठे संपतो?”

तिनं माथ्यावर बोट ठेवलं. “इथं, बाई. इथं उतार शून्य. मंग उतरण लागती.”

कॅल्क्युलस सुरू होतं ते या उतारापासूनच. आता तुम्हीच सांगा, आणखी कोणती तयारी हवी? वडील शनिवारी कॉलेजात जाऊन तिचा गणित विषय बदलून घेणार आहेत. सरांचे विद्यार्थी या ग्रुपवर आहेत, त्यांनी सरांना माझा निरोप द्यावा: मनीषाला नेमकं काय येत नाही, ते शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी कळवा. सहीसकट.