साडेसहातला अर्धा

तारवाल्याचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजात गेला. हजारो माणसांची बोलणी यानं जोडून दिली, पण घरी आला की तोंड शिवलेलं. बायको होती तोवर बापलेकांचं बोलणं तिच्याच मार्फत चालायचं. ती गेली अन् लाइनच तुटली. लेक दूरच्या शहरात कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायचा. रविवारी त्याचा फोन यायचा. "जेवलात?" "जेवलो." "गोळ्या?" "घेतल्या." की ठेवला.

म्हणून म्हाताऱ्यानं लेकाचंच काम शिकायला घेतलं. बोलायला काहीतरी होईल! लेक हसला, पण त्यानं कोडं घातलं: कुठलाही आकडा कॉम्प्युटरसारखा नुसत्या एक आणि शून्यात लिहिला, तर त्यात एक किती येतात, ते मोजणारा प्रोग्राम लिहा. आणि काय सांगावं, फोन रविवारची वाट बघेना झाला.

"बाबा, घोडं कुठवर आलं?"

"पेंड खातंय."

दोघंही खदखदून हसायचे.

आकडा निम्मा करत जायचा, विषम निघाला की एक मोजायचा, इथवर तारवाल्याला उमगलं. समजा तेरा, म्हणजे एक-एक-शून्य-एक. तेराचे निम्मे साडेसहा. जन्मात तारेचा तुकडा न फेकलेला माणूस. यानं तो अर्धाही जपून ठेवला. साडेसहाचे सव्वातीन, मग त्याचे निम्मे... प्रोग्राम भलतंच बरळायला लागला. शनिवारी दुपारी भांडी घासताना डोक्यात उजेड पडला. अर्धा फेकून द्यायचा! तेरा विषम, एक धरा. सहा सम, सोडा. तीन विषम, एक धरा. उरलेला एक तो एकच. झाले तीन. ओल्या हातानंच त्यानं ओळ बदलली. प्रोग्रामही तीन म्हणाला.

म्हातारा हरखून सांगायला मागं वळला. मागं फ्रिज घुरघुरत होता.

मग मनात आलं, उत्तर सांगितलं की कोडं संपलं. अन् कोडं संपलं की फोन तरी कशाला येईल?

"सुटलं का?" लेकानं दुसऱ्या दिवशी विचारलं.

"छे रे. डोंगर पोखरला तरी उंदीरसुद्धा निघेना. तूच जरा नीट समजावून सांग की."

"बाबा, किती दिवस तेच ते! राहू द्या आता, उगाच डोक्याला ताप. उत्तर धाडतो, निवांत वाचा. ठेवू? मीटिंग आहे."

उत्तर आलं. ओळ न् ओळ यानं लिहिलेल्यासारखीच. तारवाल्यानं चष्मा पुसला, एकेक अक्षर शोधत बोटानं लिहिलं, "दुसरी ओळ समजली नाही. फोन कर."

बऱ्याच वेळानं मोबाइल वाजला. लेकानं अंगठ्याचं चित्र धाडलं होतं.