महादप्पांचा बदली माणूस

तार आली तेव्हा मी परळीच्या कापसाच्या जिनिंगमध्ये इंजिनाला तेल घालत होतो. मुनीमजींनी ती वाचली, चष्मा काढला आणि इंजिन बंद करायला सांगितलं. तेवढ्यावरच मला कळलं... हैदराबादच्या हवाई अड्ड्यावर कामाला असलेले आमचे महादप्पा तापानं गेले होते. महिना झाला, अजून खरं वाटत नाही.

महादप्पा सिरसाळ्याचे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. इंजिनाचं मला जे काही येतं ते त्यांनी शिकवलेलं, तेही शिव्या घालत. पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली, की कुठं झिजलंय ते नेमकं सांगायचे. जर्मनीशी लढाई सुरू झाली, गोरे मिस्त्री तिकडं गेले, आणि विमानं दुरुस्त करायला माणूस मिळेना. शोधत शोधत एक साहेब आमच्या जिनिंगपर्यंत आला. महादप्पांनी तोवर विमान फक्त खालून पाहिलेलं. निघताना म्हणाले, "इंजिन ते इंजिनच हाय बे. वर उडतंय म्हणून काय भ्यायचं?"

तिथं त्यांचं नाव झालं आणि तिथंच ते अडकले. रजा हवी तर बदली माणूस द्या, असा नियम. आणि तसा माणूस आणायचा कुठून? इकडं मुलगी झाली, रांगायला लागली, तरी बापानं तिचं तोंड पाहिलं नव्हतं. दिवाळीत मला कार्ड आलं, 'काशिनाथा, एक महिना माझ्या जागी ये. पोरगी बघून येतो.' मी कळवलं, हंगाम संपला की येतो. हंगामाचं निमित्त होतं. विमानाला हात लावायची मला भीती वाटत होती, एवढंच खरं.

त्यांचं सामान आणायला मीच गेलो. गादीखाली रजेचा अर्ज सापडला. उर्दूत सगळा भरलेला, फक्त तारीख मोकळी. बदली माणूस म्हणून माझं नाव, आणि शेजारी त्यांच्या वाकड्या मराठी अक्षरात, 'माझा शागीर्द. नक्की येणार.'

सामान हवाली केलं तेव्हा वहिनींनी विचारलं, "भावजी, त्यांना पोरीकडं यावंच वाटलं न्हाई का हो?" मी म्हणालो, "लई वाटत व्हतं, वहिनी." अर्ज माझ्या खिशातच राहिला... वहिनींना वाचता येत नाही. सिरसाळ्यात हा लेख कुणाच्या हाती पडला, तर त्यांना वाचून दाखवा.