उलटा फर्मा

आज सकाळपासून आभाळ झाकोळलंय. पाऊस न्हाई, वारा न्हाई, नुसतं कोंदट. अशा हवेत बाइंडिंगची खळ लवकर वाळत न्हाई. आता मला त्याचं काय, पण बोटं आपली सवयीनं एकमेकांवर घासून बघतात.

आमच्या कटिंग मशीनखाली दिवसभर कागदाच्या पट्ट्या पडायच्या. मुद्दाम कुणी जमवायचं न्हाई, पण संध्याकाळी बघावं तर ढीग. किश्शांचंबी तसंच. बीडला शाळेची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनात मी बाइंडिंगला होतो. तिथला हा ढीग, आणि सगळा प्रभावतीबाईंचा.

* * *

बाई आधी प्रूफं वाचायच्या. उजेड चांगला म्हणून आमच्याच खोलीत सतरंजीवर बसायच्या. दीड वाजला की मी, खळ लावणारी गिरजाबाई आणि घड्या घालणाऱ्या दोघी गोल करून डबे उघडायचो. बाई त्यातच. त्यांची शेंगदाण्याची चटणी, गिरजाबाईचा ठेचा.

मग म्हातारे मालक पुण्याला लेकीकडं गेले, आणि जाताना सगळा कारभार बाईंच्या हाती दिला. घरोघरी नवीन केबल येत होती, ते दिवस. अशा खुर्चीवर बाईमाणूस आमच्या जिल्ह्यात कुणी पाहिलं नव्हतं.

पाटी रंगवायला पेंटर आला. "साहेबांचं नाव सांगा."

"प्रभावती..."

"तुमचं न्हाई बाई, साहेबांचं."

"तेच सांगतेय. लिहा."

* * *

नावाखाली 'मुख्य कार्यकारी अधिकारी' लिहिलं. आमच्याकडं तसा एकच साहेब ठाऊक, जिल्हा परिषदेतला. आठ दिवसांत चौसाळ्याकडचे एक गुरुजी बदलीचा अर्ज घेऊन हजर. बाईंनी अर्ज शांतपणे वाचला, लाल पेनानं सहा चुका दुरुस्त केल्या आणि परत दिला.

"गुरुजी, हा घेऊन जिल्हा परिषदेत जा. बदलीचं काही सांगता येत नाही, पण अर्ज आता शुद्ध झालाय."

* * *

मालकांची खुर्ची उंच. बाईंचे पाय जमिनीला टेकायचे न्हाईत. मी रद्दीतल्या चौथीच्या पुस्तकांचा गठ्ठा आणून पायाखाली सरकवला. त्या चटकन पाय वर घेऊन बसल्या. खाली वाकून गठ्ठ्याला हात लावला, तो कपाळाला लावला.

"बाबूमामा, पुस्तकाला पाय लागतो."

आमी बाइंडिंगवाले तर मांडीखाली, पायाखाली कागद घेऊनच बसायचो. त्या दिवसापासून मला बसायचं कळंना. दोन दिवस बाई लोंबत्या पायांनी बसल्या, मग मी फळ्यांचा पाट ठोकून दिला.

* * *

खुर्चीवर बसल्या त्या पहिल्या दिवशी दीड वाजता बाई डबा घेऊन आमच्या खोलीत आल्या. आमी सगळे उठून उभे.

"अरे, बसा की."

बसलो. गिरजाबाईनं भाकरी मोडली, ती हातातच राहिली. बाईंनी चटणी पुढं केली, तर चौघांनीबी "नगं नगं" केलं. बाईंनी चार घास खाल्ले आणि डबा झाकला.

त्या गेल्यावर गिरजाबाईला म्हणलं, "कावून गं असं?"

"साहेबापुढं घास उतरतो व्हय, मामा?"

दुसऱ्या दिवसापासून बाई केबिनमध्ये जेवायला लागल्या. दार अर्धं उघडं ठेवायच्या. आमचं हसणं आत जायचं, आतून फक्त डब्याचं झाकण वाजायचं.

* * *

मी शाळेचं तोंड पाहिलेलं न्हाई. सोळा पानांची घडी म्हणजे एक फर्मा. त्याच्या पाठीवर काळी खूण असते, तिच्यावरून मी फर्मे लावायचो. नवीन मशीन आली आणि एका इतिहासाच्या पुस्तकाला खूणच छापली गेली न्हाई. मी एक फर्मा शंभर प्रतींत उलटा शिवला. आतल्या चित्रांतले राजे खाली डोकं, वर पाय.

मला वाटलं, गेली नोकरी. बाई आल्या, पुस्तक उलटंसुलटं करून बघितलं, पदर खोचला आणि सतरंजीवर बसल्या.

"सुई द्या. टाके उसवायला किती जण आहोत?"

उसवता उसवता दीड वाजला. कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई, साहेब बसलाय म्हणून. गिरजाबाईनं बाईंच्या भाकरीवर ठेचा वाढला, बाईंना ठसका लागला आणि सगळे हसलो.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा केबिन. पुन्हा झाकण.

* * *

त्यानंतर माझ्या हातून वरचेवर चूक व्हायला लागली. कधी पन्नास प्रती, कधी तीस. बाई यायच्या, रागवायच्या, सतरंजीवर बसायच्या. उसवताना मला अक्षरं दाखवायच्या. म्हणून आज हे लिहितोय. गिरजाबाई म्हणायची, "मामाची नजर गेली. लई चांगला कारागीर होता." मी ऐकून घ्यायचो.

बाईंनी काम सोडलं त्या दिवशी सगळ्यांचा निरोप घेतला आणि माझ्यापाशी थांबल्या.

"बाबूमामा, एक विचारू? जूनच्या घाईत तुमचा फर्मा कधीच उलटा लागला नाही. आणि आता तर तुम्हाला वाचताही येतं."

मी खळीचं भांडं धूत बसलो. बाई वळल्या आणि गेल्या.

* * *

बायको गेल्यापासून मी एकटाच असतो. दुपारी कधी रांधतो, कधी न्हाई. आज लिहायला बसलो तर शेजारच्या मुमताजभाभी दारात आल्या. चाळीस वर्षं सात माणसांच्या भाकऱ्या थापतायत. ह्या आठवड्यातली त्यांची ही तिसरी खेप.

"मामा, आजबी दोन भाकरी जास्तीच्या झाल्या बघा. माझा अंदाजच चुकतो, काय करावं. चला, सगळे थांबलेत तुमच्यासाठी."