तिटेची रेघ

आमची नात रांगत नाही, सुटते. आतल्या खोलीतल्या मिणमिणत्या बल्बखाली मी फोन रोखावा, तर बटण दाबेपर्यंत ही बया स्वयंपाकघर जिंकून परत आलेली असते. उजेड कमी, म्हणून फोन इतक्या सावकाश पापणी मिटतो की तेवढ्यात एखाद्याचं लग्न उरकावं. फ्लॅश मारावा, तर आमच्या हिची सक्त मनाई: "बाळाचे डोळे दिपतील!"

उद्या लेक तिला घेऊन परदेशी, आपल्या घरी जाणार. पुन्हा येईल तेव्हा पोर चालेल, बोलेल आणि माझ्याकडे बोट दाखवून "हे कोण?" म्हणेल. म्हणून एक तरी धड फोटो हवा होता. हजारभर काढले असतील. गालावरची टिकलीएवढी तीट प्रत्येकात लांब काळी रेघ झालेली. बायको चष्मा चढवून म्हणाली, "अहो, ही नात आहे की धूमकेतू?"

मी हसलो. मग एकेक फोटो पुन्हा पाहत बसलो. पलंग स्पष्ट, पाण्याचा हंडा स्पष्ट, भिंतीवरची पालसुद्धा, मिशा असत्या तर त्याही दिसाव्यात इतकी स्पष्ट. जागचं न हलणारं सगळं नीट येतं. ज्याच्यासाठी जीव तुटतो, तेवढंच निसटतं.

एका फोटोत कपाटाचा आरसा आला होता. खाली विझल्या वातीच्या धुरासारखी नात दाराकडे ओढली गेलेली. आणि आरशात, हातात फोन धरलेला, सुरकुतीन् सुरकुती मोजता यावी इतका स्पष्ट, मी.