मोरचुदी लुगडं

आमच्या दवाखान्यात लघवी उकळायचं काम माझ्याकडे होतं. ते माझ्याकडून गेलं तेव्हा मला फार वाईट वाटलं, हे आजही कुणाला खरं वाटत नाही.

गोष्ट १९५९ सालची. यवतमाळात पंधरा खाटांचा एक खाजगी दवाखाना होता आणि मी, घनश्याम, तिथे कंपाउंडर होतो. साखरेचा रोगी अत्यवस्थ होऊन आला की रक्त तपासायला नागपूरला धाडावं लागे. तिकडून उत्तर येईपर्यंत रोगी एक तर घरी गेलेला असे किंवा कायमचा गेलेला असे. म्हणून आमचा सगळा भरवसा लघवीवर. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. साखर असेल तशी नळी हिरवी, पिवळी, नारिंगी होत जाई आणि फारच असली तर थेट विटेसारखी लाल. त्या रंगावरून डॉक्टर इन्सुलिनचं इंजेक्शन किती द्यायचं ते ठरवत. अडचण एवढीच होती की माझा हिरवा आणि डॉक्टरांचा हिरवा कधी जुळत नसे.

निजामुद्दीन आमच्याकडे फरशी पुसायला लागला होता. मूळचा रंगारी. गिरणीचं छापील कापड गल्लोगल्ली आलं आणि त्याचा धंदा बसला. वय पन्नाशीकडे झुकलेलं, दाढी पांढरी आणि नखं मात्र कायमची निळी. एके दिवशी मी नळी उजेडात धरून उभा असताना त्यानं पोछा थांबवला आणि म्हणाला, “घनश्यामबाबू, हा हिरवा नाही. तोतई हाय, पोपटाच्या पंखाचा, अन् पिकाले लागला.”

दुर्दैवानं डॉक्टर मागेच उभे होते. दुसऱ्या दिवसापासून नळी निजामुद्दीनच्या हातात आणि पोछ्यावर देखरेख माझ्याकडे.

त्यानं निळं औषध पाहताच सांगून टाकलं की यात मोरचूद आहे, आपलं घर तीस वर्षं मोरचुदीवर चाललं. मग पाच चिंध्या रंगवून भिंतीवर दोरीला टांगल्या: मोरचुदी, तोतई, हळदी, नारिंगी, विटकरी. डॉक्टरांना ते इतकं आवडलं की केसपेपरवरही ते ‘सकाळी तोतई, दहा युनिट’ असं लिहू लागले. मी शिकलेला माणूस. त्या चिंध्यांकडे बघायचं नाही असं मी ठरवून टाकलं.

त्यानं आणखी एक काम स्वतःहून अंगावर घेतलं. भेटायला येणाऱ्यांचे डबे तो दारातच उघडून बघे. पेढे, लाडू, गुळाची पोळी, काही आत जाऊ देत नसे. लोक त्याला नाकेदार म्हणत आणि तो खूश होई.

अशात महागावचे सदाशिवराव आले. कापसाचे मोठे शेतकरी, पाठीवर मुठीएवढी काळपुळी, शुद्ध हरपलेली आणि श्वासाला सडक्या फळाचा वास. नळी इतकी लाल झाली की निजामुद्दीनला भिंतीवरची विटकरी चिंधी फिकी वाटली. तीन दिवस सलाईन आणि रंग बघून इंजेक्शनं चालली. तिसऱ्या संध्याकाळी रंग तोतईवर उतरला आणि सदाशिवरावांनी डोळे उघडून बैलांना पाणी पाजलं का ते विचारलं. पण ताप होता, जखम उघडी होती, आणि डॉक्टर अजून जिवाची खात्री देत नव्हते.

त्यांची बायको कोकिळाबाई फार सोवळ्याची. पाण्याच्या तांब्याला निजामुद्दीनची सावलीसुद्धा चालत नसे. लघवी मात्र त्याच्या हाती बिनदिक्कत देई. चौथ्या दिवशी तिनं नवीनच काढलं. दवाखान्याचं भांडं साऱ्या गावाचं, त्यात आमच्या माणसानं का म्हणून करावी? आपली स्वतःची बाटली देते म्हणाली. निजामुद्दीननं वाद घातला नाही. तिच्याशी वाद घालायची छाती डॉक्टरांनाही नव्हती.

सकाळी आठला त्या बाटलीतल्या लघवीची नळी विटकरी झाली. ठरल्याप्रमाणे तीस युनिट गेले. बाराला पुन्हा विटकरी. इकडे सदाशिवराव घामानं भिजलेले, हातपाय थरथरत होते आणि ते नर्स मानीबाईला आई म्हणून हाका मारत होते. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. मानीबाईनं सुई भरली आणि माझ्याकडे पाहिलं. विटकरीला तीस, हुकूम लेखी आहे, द्या, असं मी सांगितलं. हे मी लपवत नाही.

निजामुद्दीन एकदा नळीकडे बघे, एकदा रोग्याकडे. मग तो खाटेच्या आणि सुईच्या मध्ये येऊन उभा राहिला.

“सुई थांबवा, मानीबाई. हा रंग झूठ बोलून राह्यला.”

मी चिडून म्हणालो की रंग तूच उकळलास. तो म्हणाला, हो, आणि चूकही माझीच आहे. कापड टाकायच्या आधी रंगारी भांड्यात कोरं पाणी उकळून बघतो, मागचा रंग राहिला का म्हणून. ती बाटली त्यानं तशी पाहिली नव्हती. आता त्यानं तीत घोटभर पाणी घातलं, खळबळवलं आणि त्या पाण्याचे आठ थेंब नळीत टाकले. आम्ही तिघं बघत राहिलो. निळं हिरवं झालं, हिरवं पिवळं झालं, आणि बघता बघता विटकरी.

“पाण्याले साखर झाली काय, घनश्यामबाबू?”

खाटेच्या पायथ्याशी उभ्या कोकिळाबाईनं तेव्हा कुठं कबूल केलं. ती मधाची बाटली होती. तिच्या भावानं झरीच्या जंगलातला मध आणला होता. नाकेदार फक्त डबे उघडतो हे हेरून तिनं बाटली वळकटीत घालून आत आणली, मध लोट्यात काढून खाटेखाली ठेवला आणि बाटली चूळभर पाण्यानं विसळली. म्हणजे सकाळचं तीस युनिटचं इंजेक्शन मधाला दिलं होतं, आणि लागलं सदाशिवरावांना. त्यांच्या अंगातली साखर पार तळाला गेली होती.

निजामुद्दीननं मध मागितला. जप्ती आली असं वाटून तिनं लोटा छातीशी धरला.

“बाई, तुमच्या लोट्याले हात लावा लागते मले,” तो म्हणाला. “सोवळं पाह्यजेन, का तुमचे मालक?”

तिनं लोटा त्याच्या हातात कोंबला. निजामुद्दीन मधात बोट बुडवून सदाशिवरावांच्या गालाच्या आतून फिरवू लागला, पुन्हा पुन्हा, आणि मी डॉक्टरांकडे पळालो. त्यांनी येऊन शिरेतून ग्लुकोज दिलं. थोड्या वेळानं थरथर थांबली. सदाशिवरावांनी ओठ चाटले, डोळे उघडले आणि क्षीण आवाजात विचारलं, “झरीचा मध हाय हा. काहून लपवला होता माह्यापासून?”

मी बाहेर जाऊन व्हरांड्यात बसलो. ती सुई माझ्या शब्दावर जाणार होती.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा भिंतीवरच्या चिंध्या नीट पाहिल्या.

महिन्याभरानं सदाशिवराव घरी निघाले तेव्हा नळी शेवटपर्यंत निळीच राहिली. कोकिळाबाईनं पिशवीतून कोरं पांढरं लुगडं काढून निजामुद्दीनपुढे ठेवलं. नळीकडे बोट दाखवून हाच रंग पाहिजे, म्हणाली. त्याच्याकडे आता ना भट्टी ना हंडा. त्यानं ड्रेसिंगच्या पट्ट्या उकळायच्या आमच्या पातेल्यात लुगडं रंगवलं, आधी त्यात कोरं पाणी उकळून बघून. मागून पातेलं घासलं माझ्या देखरेखीखाली, त्यामुळे पुढचे आठ दिवस सगळ्या रोग्यांना निळसर पट्ट्या बांधल्या गेल्या. त्यांना वाटलं, नवीन औषध आलं.

पोळ्याला सदाशिवरावांनी आम्हा दोघांना महागावला जेवायला बोलावलं. बैल ओवाळायला बायका जमल्या होत्या. कोकिळाबाईच्या लुगड्यावर सगळ्यांचे डोळे. असा निळा कुठं मिळाला, असं एकीनं विचारलं.

“आमच्या मालकाच्या लघवीचा रंग हाय हा,” कोकिळाबाई ठसक्यात म्हणाली. “या निजामुद्दीनभाऊनं काढला.”

बायका दोन पावलं मागं सरकल्या. कोकिळाबाईनं ओसरीवरचा आपला तांब्या उचलला, पाण्यानं भरला आणि सगळ्यांसमोर निजामुद्दीनच्या हातात दिला.

निजामुद्दीननं आधी तांब्यात डोकावून पाहिलं, आणि मग तो पाणी प्याला.