एकाच जहाजावरून फोन

आमचे हे बोलके आहेत की घुमे, असं कुणी विचारलं तर मी आधी उलट विचारते, फोनवर की समोर? फोनवर ह्यांच्यासारखा बोलका माणूस शोधून सापडायचा नाही. लेक बालवाडीत होती तेव्हा हे ओमानला गेले, आधी सहमला आणि मग दुक्मच्या बंदरावर. क्रेनने अवजड सामान उचलणाऱ्या टोळीचे हे सुपरवायझर. तेव्हापासून रोज संध्याकाळी कामगारांच्या कॅम्पवर आंघोळ झाली की ह्यांचा चिपळूणला फोन. मेसमधली डाळ कशी होती, वारा किती सुटला होता, कोणता पोरगा हेल्मेट विसरला आणि काय बोलणी खाल्ली, सगळं साग्रसंगीत सांगायचे. मी ब्लाउज शिवता शिवता ऐकायची. सुट्टीवर आले की मात्र घर माणसांनी भरलेलं. कुणाचं लग्न, कौलांची डागडुजी, कुलदेवतेचं दर्शन, यातच सुट्टी संपायची. दोघांनीच निवांत बसायची वेळ कधी आली नाही, त्यामुळे समोरासमोर हे मूग गिळून बसतात हे मला कळायलाही पंचवीस वर्षं लागली.

लेक जर्मनीत नोकरीला लागली आणि चिपळूणच्या घरात मी एकटी उरले. त्याच सुमाराला ह्यांच्या कंपनीने फॅमिली क्वार्टर देऊ केलं. बायकोला आणणार की नाही, ते महिनाअखेर कळवायचं होतं. मी व्हिजिट व्हिसावर दुक्मला आले आणि क्वार्टर पाहिलं. दोन खोल्या, स्वयंपाकघरातून समुद्र दिसतो, बाजार म्हणावा तर चार दुकानं, आणि वारा असा की दोरीवरची साडी सुटली तर थेट मसिरा बेटावर जाऊन पडेल. मला चालणार होतं. शिवणाचं मशीन काय, कुठेही चालतं. पण मला ह्यांच्या तोंडून 'ये' ऐकायचं होतं, आणि नेमकं तेवढंच हे म्हणत नव्हते. विचारलं की म्हणायचे, "तुझं तू बघ, तिकडे तुझी गिऱ्हाइकं आहेत." फारच मागे लागले तर, "बघू, इन्शाल्ला." ओमानात इतकी वर्षं काढून ह्यांनी हा शब्द छान आत्मसात केला होता, विशेषतः मला टाळण्यासाठी. मी न बोलावता माहेरीसुद्धा जात नाही, मग दुक्मला कशी जाऊन राहू?

तेवढ्यात लेकीने लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून आम्हाला क्रूझवर पाठवायचं ठरवलं. जर्मनीतल्या कील बंदरातून निघायचं, कोपनहेगन, गोथेनबर्ग, ओस्लो बघून परत कीलला यायचं. मी येणार नाही, तुम्ही दोघंच जा, असं तिने बजावून सांगितलं. मस्कतला विमानात बसताना मी मनाशी पक्कं केलं. परतेपर्यंत हे 'ये' म्हणाले तर दुक्म, नाही तर आपलं चिपळूण बरं. ह्यांना अर्थातच काही सांगितलं नाही.

जहाज बघून मी हरखून गेले. ह्यांना मात्र तो कॅम्पच वाटला. केबिनमध्ये शिरल्या शिरल्या म्हणाले, आमच्या कॅम्पवरच्या पत्र्याच्या पोर्टाकेबिनपेक्षा बरी आहे. पहाटे उठून स्वतःच्या अंथरुणाची कडक घडी घातली, त्यामुळे साफसफाईला आलेला मुलगा गोंधळला. बुफेत एकच ताट भरलं, मान खाली घालून भराभरा जेवले आणि ताट विसळायला नळ शोधत निघाले. वाढप्याने ते जवळजवळ हिसकावून घेतलं. आपत्कालीन कवायतीत तर ह्यांना कोण उत्साह. शेजारच्या जर्मन आजोबांच्या लाइफ जॅकेटचे पट्टे ढिले दिसले, तर ह्यांनी न विचारता ओढून घट्ट केले. जित्याची खोड, दुसरं काय. आजोबा मात्र त्यानंतर दिसेल तिथे ह्यांना सलाम ठोकायचे.

कोपनहेगनला सगळं गाव सायकलवर. एक आई तर सायकलच्या पुढच्या पेटीत दोन पोरं बसवून ऑफिसला निघाली होती. मी बघतच राहिले आणि हे आपले बंदरातल्या क्रेनकडे तोंड करून उभे. थंडीचा माझा अंदाज साफ चुकला. जूनमध्ये कसली आली थंडी, म्हणून नुसती शाल घेऊन आले होते. शेवटी साडीवर ह्यांचं साइटवरचं जॅकेट चढवलं. भडक नारिंगी, पाठीवर चमकत्या पट्ट्या, बाह्या माझ्या बोटांच्या खाली लोंबणाऱ्या. शिवणाऱ्या बाईने असं फिटिंग अंगावर मिरवावं, यासारखी शरमेची गोष्ट नाही. डेकवर एका गोऱ्या बाईने मला कर्मचारी समजून घाईघाईने काही विचारलं. भाषा कळली नाही, पण चेहऱ्यावरून अडचण कळली. मी स्वच्छतागृहाकडे बोट दाखवलं. परत येताना तिने माझा हात दाबून आभार मानले. मी हसत सुटले आणि हे दुसरीकडे बघत हसले.

मजा खूप चालली होती, खोटं कशाला बोलू. फक्त बोलणं होत नव्हतं. गोथेनबर्गला बाकावर बसून आम्ही दालचिनीचे गोड पाव खाल्ले. मी आडून आडून क्वार्टरच्या पडद्यांचा विषय काढला. हे "हं" म्हणाले आणि दुसरा पाव घेतला. एक गोष्ट मात्र मी रोज बघत होते. संध्याकाळ झाली की हे अस्वस्थ व्हायचे. खिशातून फोन काढायचे, बघायचे, परत ठेवायचे. आधी वाटलं, साइटवरचं काही काम असेल. मग डोक्यात प्रकाश पडला. ही आमच्या फोनची वेळ होती. जिला फोन लावायचा ती समोरच बसलेली, तर माणूस बोलणार कुणाशी?

ओस्लोहून जहाज निघालं तेव्हा लख्ख ऊन होतं. दोन्ही बाजूंना हिरवे डोंगर, काठाला लाल लाल घरं, आणि त्यामधून आमचं जहाज संथ चाललेलं. हे बराच वेळ कठड्याशी उभे राहून म्हणाले, दाभोळच्या खाडीसारखंच आहे. मी म्हटलं, मग व्हिसाचा एवढा खटाटोप कशाला केला? ह्यांनी खिशातून फोन काढून वेळ बघितली. दुसऱ्या दिवशी कील येणार होतं. माझा धीर सुटला. चहा घेऊन येते असं सांगून मी वरच्या डेकवर गेले आणि तिथून ह्यांना फोन लावला.

"कुठे आहेस?"

"वर आहे. तुम्ही?"

"आहे तिथेच." मग सुरू झाले. आज मेसमध्ये मासा होता म्हणे, नुसता उकडलेला, ना तिखट ना आंबट. तोच मासा मी त्याच टेबलावर बसून खाल्ला होता, तरी मी "हो का?" म्हटलं. कोपनहेगनला त्या पेटीतल्या पोरांकडे बघून ह्यांना आपली लेक आठवली होती. तिचं लहानपण बघायचं राहून गेलं, म्हणाले. आणि डेकवर एक बाई नारिंगी जॅकेट घालून हिंडत होती, फार गोड दिसत होती, हेही सांगितलं. मी कठडा घट्ट धरला.

"आणि क्वार्टरचं काय?" मी विचारलं.

वाऱ्यात ह्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

"तुला म्हणायला भीती वाटते गं. तिथे काय आहे? वारा, रेती आणि मी. तू कंटाळलीस तर?"

"कंटाळले तर भांडेन. पण तुम्ही बोलवा तरी."

"रोज फोन ठेवला की खोली एकदम रिकामी होते. इतकी वर्षं चालवून घेतलं. आता नाही चालत. तू ये."

मला फार आनंद झाला. मी लगेच "येते" म्हटलं. ह्यांनी नेहमीसारखं "ठेवू?" विचारलं, मीही नेहमीसारखं "ठेवा" म्हटलं.

फोन ठेवल्यावर नवरा भेटणार, असं माझ्या संसारात पहिल्यांदाच होत होतं. मी पदर सारखा केला आणि जिना उतरायला लागले.