वंदना भोयरची मुकी चाकरी

वंदना भोयरचं तोंड कामठीत सगळ्यांच्या ओळखीचं. नळावर ती उभी राहिली की बादल्या भरून वाहायच्या, पण तिची गोष्ट संपायची नाही. अशा बाईला प्राणिसंग्रहालयात काम लागलं, आणि तेही गप्प बसण्याचं, तेव्हा तिचा नवरा जितेंद्र म्हणाला, "सरकारनं पहिल्यांदा माह्या भल्याचं काही केलं."

काम असं होतं. उमरेडकडच्या एका तुरीच्या वावरात बिबट्याचं पिल्लू सापडलं होतं. आई रस्त्यावर गाडीखाली आलेली. प्राणिसंग्रहालयाच्या मागं, जिथं लोकांची ये-जा नाही अशा झुडपात, त्या पिल्लासाठी उंच जाळीचं आवार घातलं होतं. मादी होती. मोठी झाली, शिकार करायला शिकली, की तिला जंगलात सोडायचं. तोवर सांभाळायला दोघंच. एक वंदना, आणि दुसरे तिला काम शिकवणारे मधुकरराव काळबांडे, ज्यांची हयात जनावरांत गेली होती.

पहिल्याच दिवशी मधुकररावांनी तिला बाजूला घेतलं.

"हे पाय पोरी. हिच्यापुढं बोलाचं नाही, हाक माराची नाही, नाव ठेवाचं नाही. मानूस म्हंजे हिले भेव वाटलं पायजे. मानसाले न भेनारा बिबट गावात जाते, अन् लोकं त्याले काठ्यायनं मारते. तू हिच्यासंग गोड बोलली, त् समज तूच मारली."

वंदनानं ते गाठीशी बांधलं. हिरव्या कापडाच्या आडून, फळीच्या सांदीतून ती मांस आत सरकवायची आणि पाय न वाजवता मागं फिरायची. सुरुवातीला पिल्लू आईसाठी कण्हायचं, तेव्हा तिच्या गळ्यापर्यंत शब्द यायचे. ती ओढणीचं टोक दातात धरायची. घरी गेल्यावर दिवसभराचं साचलेलं सगळं जितेंद्रच्या ताटात वाढायची. एकदा झाडता झाडता तिच्या तोंडून नुसतं गुणगुणणं निघालं, तर मधुकरराव दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिला त्याचा राग आला नाही, उलट मान वाढला. बापानं रागवावं तसं तिला वाटलं. तिनं मनातल्या मनातसुद्धा पिल्लाला नाव ठेवलं नाही.

मग परीक्षेचा दिवस आला. प्राणिसंग्रहालयाची डॉक्टर मुग्धा आली, सोबत वनखात्याची दोन माणसं. रीत साधी होती. एका अनोळखी माणसानं जाळीच्या कडेनं चालत जायचं. मादी गवतात दबली, लपली, तर तिला जंगल.

माणूस चालला. गवत हललं. मादी शेपटी उभारून बाहेर आली आणि दुधाची वाट बघणाऱ्या मांजरीसारखी जाळीला अंग घासायला लागली.

मग सगळ्यांच्या नजरा वंदनाकडं वळल्या.

"वंदनाताई, खरं सांगा," डॉक्टर म्हणाली. "बोलत होता ना तिच्याशी?"

"नाही मॅडम. आईची आन."

"या गप्प बसल्या असतील?" वनखात्यातला एक जण हसून म्हणाला. "या बाईचा आवाज तर पार गेटपर्यंत येते."

वंदनानं मधुकररावांकडं पाहिलं. आता काका सांगतील. काका जाळीची तार चाचपत राहिले.

ठरलं ते तिथंच. बिबट्याला सोडायचं नाही. जन्मभर पिंजरा, आणि सुट्टीच्या दिवशी पब्लिक.

दुसऱ्या दिवशी दुपारी मांसाचं घमेलं आणायला वंदना परत गेली, तर कापडापलीकडून आवाज आला.

"ये वं बबी. ये माय. जेवली का? आज लय गुडघे दुखून राहिले तुह्या बुढ्याचे."

वंदना घमेलं हातात धरून उभी राहिली. आवाज मधुकररावांचा होता.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

ते दचकले, पण वळले नाहीत. "पावसाळ्यापासून. तुही काकू गेली, घर खायाले येते. इथं दोन शब्द बोललो, त् ही आयकत होती."

"काल काहून नाही बोलले मंग? मी बोलनी खात होती तवा?"

"चैत्रात रिटायर होऊन राहिलो वं. जाता जाता नाव खराब कराचं का? तुले तर सारेच बोलभांड म्हंते. तुले काय फरक पडते?"

हे ते इतक्या सहज म्हणाले, जसं काही तिची ओढणी मळलेलीच होती, म्हणून हात तिला पुसले.

वंदना तडक डॉक्टर मुग्धाकडं गेली आणि सगळं सांगितलं. डॉक्टरचा विश्वास बसेना.

"मधुकरराव? अहो, नियम त्यांनीच शिकवला सगळ्यांना." मग विचार करून म्हणाली, "एक करू. दोघांनी कापडाआडून पाळीपाळीनं हाक मारा. ज्याच्या आवाजाला ती येईल, त्यानं बिघडवलं. तुमचं नाव तरी मोकळं होईल."

वंदनानं तोंड उघडायचा अवकाश होता, सगळं धुऊन निघालं असतं.

"नको मॅडम. आनखी दोन हाका तिच्या कानात कायले घालता? आम्हा दोघायलेही तिथून काढा. नवीन मानसं ठेवा, मुकी. अन् मंग पुन्हा परीक्षा घ्या."

"मग दोष तुमच्यावरच राहील, वंदनाताई."

"राहू द्या. लोकं तसंही तेच म्हंते म्हने."

डॉक्टरनं वरच्या साहेबांना धरून कसंबसं पटवलं. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा एक परीक्षा, शेवटची. मधुकरराव पक्ष्यांकडं गेले, वंदना हरणांकडं. आवाराकडं फिरकायला दोघांनाही बंदी.

पंधरवड्यानं मधुकरराव हरणांच्या आवाराशी आले. वंदना चारा टाकत होती.

"लेकीसारखी वागली वं तू," ते म्हणाले. "माही लाज राखली."

"तुमच्यासाठी नाही केलं ते."

ते कठड्याला टेकले. निघायचं नाव नाही. शेवटी हळूच म्हणाले, "कशी आहे ती? काही समजलं का?"

"मले काहून माहीत असन?" वंदना म्हणाली. "मलेही तिकडं जाता येत नाही, काका. तुमच्यापायी."

तिनं रिकामी टोपली उचलली आणि दुसरा भारा आणायला निघून गेली.